पाटाचे पाणी कुणाच्या पुण्याईचे?

पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, निघालेला उजवा कालवा १३२ किलोमीटर चालत बीड जिल्ह्यात माजलगावच्या जलाशयापाशी येतो. वाटेत गेवराई तालुक्यातल्या काळ्या रानांना पाणी देतो आणि उरलेले सिंदफणेवरच्या धरणाच्या स्वाधीन करतो. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये जायकवाडीची पायाभरणी केली, इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये लोकार्पण झाले आणि पुढे कालव्यांच्या व माजलगावच्या कामांसाठी जागतिक बँकेचा पैसा आला. म्हणजे या पाण्यात महाराष्ट्राच्या करदात्याचा वाटा आहे, बुडालेल्या गावांचा आहे, खोदणाऱ्या-वाहणाऱ्या मजुरांचा आहे आणि वॉशिंग्टनमध्ये कर्ज मंजूर करणाऱ्या एका संस्थेचाही आहे. आपल्या समाजाने विहीर, तळे, घाट, धर्मशाळा यांच्याकडे पुण्यकर्म म्हणूनच पाहिले. मग धर्माच्या भाषेतला प्रश्नही टाळता येत नाही. या पाण्याचे पुण्य कुणाच्या पदरी पडते? परक्यांकडून कालवा, रस्ता, पूल यांसाठी पैसा घेणे म्हणजे दान स्वीकारणे की ऋण काढणे? आणि त्यातले काही आपल्याला कमीपणा आणणारे आहे का?

दानाचा विचार करताना मराठी माणसाला पहिली आठवते ती गीता. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले ते सात्त्विक. उपकाराची फेड मिळावी म्हणून दिलेले ते राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी, अवमान करून दिलेले ते तामस. ही विभागणी परदेशी मदतीला लावून पाहिली तर बहुतेक मदत राजस ठरते, हे कबूल केले पाहिजे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी जपानने ०.१ टक्के व्याजाने आणि ५० वर्षांच्या मुदतीने कर्ज देऊ केले, तेव्हा त्यासोबत जपानचेच तंत्रज्ञान येणार हेही ठरलेले होते. यात लपवाछपवी काही नाही. राष्ट्रे एकमेकांना देतात ती हिशेब मांडूनच. पण म्हणून गीतेची कसोटी निकामी होते असे मला वाटत नाही. बँकेला किंवा सरकारला मन नसते, त्यामुळे त्यांचा हेतू सात्त्विक की राजस याचा खल करण्यात वेळ जातो. त्यांच्याकडे करारनामा असतो, आणि करारातल्या अटी कोणालाही वाचता येतात. देश, काळ आणि पात्र या तीन गोष्टी त्या अटींत किती पाहिल्या गेल्या, हे तपासता येते. बांधकामाच्या दर्जाचा विचारही याच तीन गोष्टींपाशी येऊन थांबतो. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती न ओळखता केलेला रस्ता किंवा कालव्याचे अस्तर काही वर्षांत उखडते, मग पैसा कोणत्याही देशाचा असो.

इथे संकटातली मदत आणि बांधणीसाठीची मदत यांत फरक केला पाहिजे, कारण तत्त्वचिंतक बहुधा पहिलीवरच बोलतात. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन विचारवंताने १९७२ साली एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. डबक्यात बुडणारे मूल समोर दिसत असताना कपडे खराब होतील म्हणून थांबणारा माणूस दोषी असेल, तर दूरदेशी उपासमारीने मरणाऱ्याकडे पाठ फिरवणाराही दोषीच, हा त्याचा युक्तिवाद. त्याच्यापुढे होते पूर्व बंगालचे निर्वासित. योगायोग असा की १९७२ हेच महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचे वर्ष. त्या काळात बाहेरून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी खाऊन मराठवाड्याची एक पिढी जगली. त्या मदतीचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण सिंगरचा युक्तिवाद कालव्याला जसाच्या तसा लागू होत नाही. मूल पाण्याबाहेर आले की वाचवणाऱ्याचे काम संपते. कालव्यात पाणी सुटले की खरे काम सुरू होते. पाळी कधी मिळणार, गाळ कोण काढणार, फुटलेली चारी कोण बुजवणार, वरच्याने दार अडवले तर खालच्याने कुणाकडे जायचे, हे प्रश्न उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून उभे राहतात आणि पन्नास वर्षे उभेच राहतात.

म्हणून मला दानापेक्षा आपल्या परंपरेतली दुसरी एक कल्पना जास्त उपयोगाची वाटते. धर्मशास्त्राने यज्ञयागाला इष्ट म्हटले आणि विहिरी, तळी, बागा, अन्नछत्रे यांना पूर्त. इष्टाचा अधिकार मोजक्यांना होता, पूर्ताचा सर्वांना, स्त्रियांना आणि शूद्रांनाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात याची सविस्तर चर्चा केली आहे. तळे बांधून झाल्यावर बांधणाऱ्याने त्याचा उत्सर्ग करायचा, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठी ते सोडून द्यायचे. दानात एक ठरावीक माणूस घेणारा असतो. उत्सर्गात कुणी एक घेणारा नसतो. बांधणाऱ्याची मालकी संपते आणि तोही मग चारचौघांसारखाच त्या तळ्यावर पाणी पिऊ शकतो, मालक म्हणून नव्हे. इस्लाममधल्या वक्फमागेही असाच विचार आहे. मालमत्ता ईश्वराच्या नावे सोडायची, ती विकायची नाही, तिचा लाभ लोकांना होत राहिला पाहिजे. माणूस गेल्यावरही त्याने खोदलेल्या विहिरीचे पुण्य त्याला मिळत राहते, ही श्रद्धा तिथेही आहे. दोन्ही परंपरांत पुण्य लागते ते सोडण्याला. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे गृहीत आहे: पाणी वाहते राहिले पाहिजे. पडके तळे, बुजलेली विहीर पुन्हा नीट करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याच्या तोडीचे पुण्य सांगणारी वचने आपल्याकडे आहेत, ती यासाठीच.

बीड शहराजवळची खजाना बावडी या विचाराचा जिवंत नमुना आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तुजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवून घेतली आणि तिची रचना राजा भास्कर याने केली असे सांगतात. बावडी गोल, दगडी बांधणीची. भुयारी मार्गाने पाणी तिच्यात येते आणि दुसऱ्या भुयारी मार्गाने जमिनीच्या उतारावरून खालच्या रानांकडे निघून जाते. ना मोट, ना मोटर. बांधणाऱ्याने इथल्या जमिनीचा उतार आणि झऱ्यांची जागा अचूक ओळखली होती. जिल्ह्यात अनेक दुष्काळ येऊन गेले, निजामशाही गेली, मोगल गेले, हैदराबादचे संस्थानही गेले, तरी ही बावडी आटत नाही असा तिचा लौकिक आहे. पूर्वीच्या मराठवाड्यात बाहेरून आलेल्यांनी केलेली कामे काही कमी नव्हती. खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीने पाणी आणणारा मलिक अंबर हबसाणात जन्मला होता. अहिल्याबाई होळकरांचे राज्य माळव्यात, पण परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, आणि काशी-गयेपासून सोमनाथापर्यंत आपल्या राज्याबाहेर घाट, मंदिरे, विहिरी बांधल्या. या कामांवर कुणी परकेपणाचा शिक्का मारला नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की बाहेरच्या पैशाने झालेल्या कामाचे पुण्य देणाऱ्याच्या मनावर ठरत नाही. काम झाल्यावर ते वापरणाऱ्यांच्या हाती खरोखर सुपूर्त झाले का, आणि ते टिकवण्याची सोय त्यासोबत दिली गेली का, यावर ते ठरते.

परंपरेचा आधार घेताना तिचे पाप झाकून चालणार नाही. सर्व प्राणिमात्रांसाठी सोडलेल्या तळ्यावर गुरे पाणी पीत आणि माणसांना मज्जाव होता, हे आपल्याच भूमीवर घडले. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने ठरावाने खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले आणि त्यानंतर सत्याग्रहींना मारहाणही सोसावी लागली. उत्सर्गाचा मंत्र म्हटल्याने किंवा ठराव झाल्याने पाणी सर्वांचे होत नाही, हे महाडने कायमचे सिद्ध केले. आजच्या कालव्यावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. कागदावर लाभक्षेत्र सर्वांचे असते. प्रत्यक्षात कालव्याच्या सुरुवातीचा, म्हणजे हेडचा, शेतकरी ऊस लावतो आणि शेवटच्या टोकाच्या, म्हणजे टेलच्या, शेतकऱ्याच्या चारीत गवत उगवते. परदेशी कर्जाने बांधलेल्या कालव्याचे हे झाले, तसे स्वतःच्या पैशाने बांधलेल्याचेही झाले. म्हणून कामाचा दर्जा मोजताना सिमेंटची घनता तपासावी, तशी शेवटच्या चारीपर्यंत पाणी गेले का हेही तपासले पाहिजे. मी तर हे दुसरे आधी तपासावे असे म्हणेन.

आता मुख्य आक्षेप. कुणी म्हणेल, ही सगळी दान-उत्सर्गाची चर्चा गैरलागू आहे. जागतिक बँक दान देत नाही, कर्ज देते, आणि कर्ज हा दोन पक्षांतला व्यवहार आहे. व्याज भरले, मुद्दल फेडले, विषय संपला. मला वाटते कर्ज म्हटल्यावर नैतिक प्रश्न हलका होण्याऐवजी जडच होतो. जागतिक बँकेची सवलतीची कर्जे देणारी शाखा १९६० मध्ये स्थापन झाली आणि भारत दीर्घकाळ तिचा सर्वांत मोठा कर्जदार होता. सत्तरच्या दशकात या कर्जांची मुदत ५० वर्षांची असे, पहिली १० वर्षे फेड नाही, आणि व्याजाऐवजी पाऊण टक्का सेवाशुल्क. म्हणजे १९७७ साली घेतलेल्या अशा कर्जाची मूळ अटींप्रमाणे मुदत २०२७ पर्यंत जाते. करारावर सही झाली तेव्हा जन्मालाही न आलेली माणसे ते फेडणार, हे सही करणाऱ्यांना माहीत होते. आपल्या परंपरेत माणूस ऋणे घेऊनच जन्माला येतो, देवांचे, ऋषींचे, पितरांचे. पण त्या ऋणांमागे मिळालेले काही तरी असते, ज्ञान, वंश, सृष्टी. कालव्याचे अस्तर वीस वर्षांत गेले आणि कर्ज पन्नास वर्षे चालले, तर मागच्या पिढीने पुढच्या पिढीच्या माथी नुसते ओझे ठेवले असे होते. निकृष्ट कामाला आपण भ्रष्टाचार म्हणतो. तो आहेच, पण न जन्मलेल्यांची ती चोरीही आहे, आणि ते तक्रार करायला हजर नसतात म्हणून ती अधिक हीन आहे.

शिवाय फेडणारा आणि वापरणारा एकच असतो असेही नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे बालाघाटावरचे कोरडवाहू तालुके. तिथल्या कुटुंबाच्या शेताला जायकवाडीचे पाणी कधीच मिळणार नाही, उंचीमुळेच मिळणार नाही. दिवाळीनंतर ते कुटुंब कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. साबण, चहापत्ती, मोबाइलचा रिचार्ज यांवर ते कर भरते, आणि सरकारी कर्ज त्या करातूनही फिटते. कालव्याच्या हेडला ऊस उभा करणाऱ्याचे पाणी अंशतः या ऊसतोड मजुराने विकत घेतलेले आहे. आणि त्याच्याआधीही एक दाता आहे, ज्याचे नाव कोनशिलेवर कधीच येत नाही. नाथसागरात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे भागातली गावे गेली, माजलगावच्या जलाशयात सिंदफणाकाठची गेली. त्यांनी गोदावरी-सिंदफणेच्या काठची कसदार जमीन दिली, किंवा खरे सांगायचे तर त्यांच्याकडून ती घेतली गेली. दुसऱ्याची वस्तू देऊन दाता होता येत नाही, हा दानधर्माचा साधा नियम आहे. त्यामुळे धरणाचे पुण्य सरकारचे की बँकेचे हा वाद घालण्याआधी, विस्थापितांचे शेवटचे देणे फिटेपर्यंत ते काम अपुरे आहे असे मी मानतो. बँकेचा हप्ता एक दिवस चुकत नाही. पुनर्वसनाचे हप्ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या लांबतात, हे कोणत्याही धर्मशास्त्रात बसत नाही.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे आणि तो मला मनापासून आदरणीय वाटतो. परक्यापुढे हात का पसरायचा? धर्मशास्त्रातही प्रतिग्रहाबद्दल, म्हणजे दान घेण्याबद्दल, कडक बंधने आहेत. घेणाऱ्याचे तेज कमी होते, वाटेल त्याचे वाटेल ते घेऊ नये, असे सांगितले आहे. भारतानेही २००३ मध्ये मोजक्या देशांखेरीज इतरांची द्विपक्षीय मदत घेणे थांबवले. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना तर महाराष्ट्राच्या स्वतःच्या पैशावर, शहरी नोकरदाराच्या व्यवसाय करावर चालली, आणि तिने मदतीच्या जागी हक्क आणला. ही आपल्या राज्याची फार मोठी नैतिक कमाई आहे. पण स्वतःचा पैसा असला की काम आपोआप चांगले आणि वेळेवर होते, हे बीड जिल्ह्याला कुणी सांगू नये. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा, परदेशी रुपया नाही. बीड शहरात पहिली रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षांच्या त्या विलंबात कुणाचाही स्वाभिमान जपला गेला नाही. आणि आज आपण दातेही आहोत. अफगाणिस्तानातला २१८ किलोमीटरचा झरंज-डेलाराम रस्ता भारताने बांधून दिला, हेरात प्रांतातले सलमा धरण २०१६ मध्ये भारताच्या पैशाने पूर्ण झाले. त्यात बीडच्या करदात्याचाही पैसा आहे. तिथला शेतकरी आपल्यापुढे मिंधा व्हावा अशी आपली इच्छा आहे का? नसेल, तर आपणही पैठणच्या पाण्यासाठी कुणाचे मिंधे नाही.

काही जण याहून वरचे उत्तर देतात. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधू’ लिहून त्यांनी अद्वैत मराठीत आणले. सगळे एकच चैतन्य असेल तर आपला कोण, परका कोण? विचार थोर आहे, पण इथे तो अपुरा पडतो. एकत्वाचा अनुभव आला म्हणून हिशेब माफ होत नाही. उलट ज्याला सगळे आपले वाटतात त्याने पै-पैचा हिशेब अधिक काटेकोर ठेवावा, कारण फसवणूक झाली तर ती आपल्याच माणसाची होते.

अटींचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. परदेशी पैसा अटी घेऊन येतो आणि अटी म्हणजे गुलामी. यावर सरसकट हो किंवा नाही म्हणणे चूक आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा बीडच्या पाण्याचाच आहे. २००५ साली महाराष्ट्र जलक्षेत्र सुधारणा प्रकल्पासाठी जागतिक बँकेने राज्याला ३२.५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्याच वर्षी राज्याने दोन कायदे केले, एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि दुसरा सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा. त्यांच्यामागे बँकेचा आग्रह होता हे उघड आहे, आणि पाण्याचा बाजार मांडला जाईल ही भीती अनेक जाणकारांनी व्यक्त केली. ती निराधार नव्हती. पण प्राधिकरणाच्या कायद्यात एक कलम आले, १२(६)(क). टंचाईच्या काळात एका खोऱ्यातल्या सर्व धरणांत वापरायोग्य पाण्याचे प्रमाण शक्यतो सारखे राहील असे वाटप करावे, असे ते सांगते. गोदावरीच्या वरच्या भागात नाशिक-नगरमध्ये साठवण वाढत गेली आणि नाथसागर तुटीच्या वर्षी रिकामा राहू लागला होता. परळीचे औष्णिक वीज केंद्रही पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. तेव्हा मराठवाड्याने हे कलम हातात घेतले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये वाटपाचे तक्ते दिले, प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश काढला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के पाण्याचा हिशेब बसत नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे ठरले. २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये ते सुटलेही. वरच्या भागातल्या शेतकऱ्याचेही म्हणणे आहे. दारणा, भंडारदऱ्याच्या पाण्यावर त्याच्या तीन-चार पिढ्या गेल्या आणि नदीतून सोडलेले बरेच पाणी वाटेत जिरते, हे तो सांगतो ते खोटे नाही. तरीही एका नदीच्या काठी राहणाऱ्यांनी टंचाईही वाटून घ्यावी, हे तत्त्व परक्याच्या आग्रहातून कायद्यात आले काय किंवा आपल्या सद्बुद्धीतून आले काय, त्याचे न्याय्य असणे बदलत नाही. अट कुणी घातली हे पाहण्यापेक्षा ती कुणाच्या बाजूची आहे हे पाहावे. पैसे देणाऱ्याचा माल खपवणारी अट नाकारावी. टेलच्या शेतकऱ्याला हक्क देणारी अट, कुणी सुचवली नसती तरी, आपणच घालून घ्यायला हवी होती.

भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम या बाबतीत मला सर्वांत धडा देणारा वाटतो. फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटाने आयुष्य महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात घालवले, आणि जर्मन सरकारच्या अनुदानातून, नाबार्डमार्फत, नव्वदच्या दशकात कोरडवाहू गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, समतल चर, नालाबांध अशी कामे झाली. पैसा अनुदानाचा असूनही गावाला फुकट मिळत नव्हता. आधी घरटी माणसांनी श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मजुरीचा काही भाग श्रमाने द्यायचा, आणि गावच्या पाणलोट समितीने हिशेब ठेवायचा. देखभालीसाठी निधी वेगळा काढायचा. इथे घेणारा हात पसरत नव्हता, तो स्वतःचा वाटा आधी टाकत होता. उत्सर्गाच्या कल्पनेत जी एक उणीव आहे, की सोडून दिलेल्या वस्तूची काळजी मग कुणी घ्यायची, ती या पद्धतीने भरून काढली. याच्या उलट बाजूही जवळच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने लातूर-धाराशिवमध्ये गावेच्या गावे नव्याने बांधली गेली. घरे भूकंपाला टिकतील अशी झाली, हे मोठेच काम. पण अनेक गावांची आखणी शहरी वसाहतीसारखी चौकोनी, ऐसपैस रस्त्यांची झाली. जनावरे बांधायची, कडबा रचायची, शेजार धरून राहायची शेतकऱ्याची पद्धत त्या चौकटीत बसली नाही, आणि लोकांनी मागाहून आपापल्या सोयीने पत्र्याचे आडोसे काढले. पात्र कोण याचा विचार न करता दिलेले चांगले घरही अर्धेच उपयोगी पडते.

दर्जेदार पायाभूत सुविधांची भाषा आता जगभर बोलली जाते. २०१९ मध्ये ओसाका इथे वीस राष्ट्रांच्या गटाने यासाठी तत्त्वे मान्य केली. बांधकामाचा खर्च पहिल्या दिवसाचा न मोजता त्याच्या पूर्ण आयुष्याचा मोजावा, हे त्यांतले एक. आपल्या जीर्णोद्धाराच्या विचाराला ते परके नाही. आपल्याकडे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकली गेली, आणि आशियाई विकास बँकेने २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलर दिले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हवामान अनुकूल शेतीच्या प्रकल्पासाठी, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनीसाठी, जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलर आले आणि त्याच्या १५ जिल्ह्यांत बीडही होता. म्हणजे हा विषय इतिहासजमा नाही. बीडच्या रानात, रस्त्यावर, शेततळ्यात तो पैसा आज आहे. पैसा खालपर्यंत पोहोचतच नाही, मग तत्त्वज्ञान कशाला, असे निराश होऊन म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पैसा पोहोचत नाही त्याचे एक कारण हेच आहे की करार कुठल्या भाषेत, कुणाच्या नावे, कोणत्या अटींवर झाला हे ज्याच्या शेतातून पाट जातो त्याला कधी सांगितलेच जात नाही. ज्याला वस्तू आपली आहे हे माहीत नाही, तो ती जपणार कशी आणि तिचा जाब विचारणार कुणाला?

म्हणून बीडच्या ग्रामसभांना आणि पाणीवापर संस्थांना माझी विनंती आहे. यापुढे तुमच्या शिवारात परदेशी कर्जाचे काम येईल, तेव्हा कराराचा मराठी मसुदा मागा आणि तो ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. कर्ज किती वर्षांचे आणि काम किती वर्षे टिकणार, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून घ्या. देखभालीचा पैसा कुठे ठेवला आहे आणि त्यावर सही कुणाची आहे, हे विचारा. ज्यांची जमीन गेली त्यांची नावे फलकावर पाहुण्यांच्या नावांच्या वर लावायला सांगा. आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याच्या सहीशिवाय देऊ देऊ नका.